जुन्या पेढीचा इतिहास दप्तरखान्यात कसा शोधावा

पाटीवर ‘स्थापना १९०२’ असतं. गल्ल्यावर बसलेल्याला विचारलं की उत्तर येतं, ‘आजोबा सांगायचे’. बस्, तिथेच इतिहास संपतो. वह्या कधीच्या रद्दीत गेलेल्या असतात.

पण दुकानाने कागद जपले नाहीत म्हणजे कागद उरलेच नाहीत असं नव्हे. दुकानाचं ज्यांच्याशी घेणं-देणं पडलं त्यांनी आपापली दप्तरं राखलेली असतात. जागेसाठी कोणाकडे अर्ज केला? वाटणीवरून कोणत्या कोर्टात भांडले? परवाना कोणी दिला, कर कोणी मागितला? ‘पेढीची माहिती कुठे मिळेल’ हा प्रश्न सोडा आणि पेढीचं काम कोणाकोणाशी पडलं असेल त्याची यादी घरीच बसून करा. अर्धं काम इथे होतं.

आधी प्रश्न लहान करा

‘आमच्या घराण्याचा व्यापार’ हा विषय घेऊन दप्तरखान्यात गेलात तर संध्याकाळी हात हलवत परत याल. ‘१९१० ते १९२० या काळात अडतीचा माल कुठून येत होता?’ असा प्रश्न घ्या. साल, गाव आणि मालकाचं नाव (सगळ्या स्पेलिंगांसह, इंग्रजी अमदानीतले कारकून कानाला येईल तसं लिहीत) एका कागदावर काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून घ्या, पण त्यांनी सांगितलेलं साल पाचएक वर्षं इकडे-तिकडे धरा.

मग आजचा नकाशा बाजूला ठेवा

बरेच जण इथे चुकतात. कागद आजच्या जिल्ह्याप्रमाणे ठेवलेले नसतात, त्या काळी तिथे राज्य कोणाचं होतं त्याप्रमाणे असतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं पाहा. सुरुवात बेळगावात, सायकलींच्या दुकानापासून. पुढे नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली आणि १९१० मध्ये कारखाना कुंडलच्या माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीत, आला. जागा दिली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. बेळगाव आज कर्नाटकात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. पण तेव्हा एक मुंबई इलाख्यात होतं आणि दुसरी संस्थानात. म्हणजे एकाच कारखान्यासाठी दोन वेगळ्या राजवटींची दप्तरं धुंडाळायची.

जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, पण नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, मुंबई सरकारकडे नव्हे. मराठवाड्यातल्या पेढीसाठी निजामाच्या हैदराबादकडे वळावं लागतं. गोव्यातल्या व्यापाऱ्याचे कागद पणजीच्या पुराभिलेखात, आणि तेही पोर्तुगीजमध्ये.

दप्तरखान्यात

मुंबई इलाख्याचे सरकारी कागद काळ्या घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात पाहायचे. मुंबई सरकारचं हे रेकॉर्ड ऑफिस १८२१ मधलं. ओळखपत्र, संशोधनाचा विषय लिहिलेला अर्ज आणि शिसपेन्सिल न्या. शाईचं पेन चालत नाही. निघण्याआधी वाचन कक्ष सुरू असल्याची खात्री करा आणि फोटो काढायचे असतील तर परवानगी आधीच विचारून ठेवा.

तिथे ‘कापसाचा व्यापार’ अशी पेटी नसते. कागद खात्यानुसार लावलेले असतात: महसूल, जनरल, सार्वजनिक बांधकाम, न्याय. खात्यात साल, सालात खंड. त्या सालाची सूची मागवा, तीत नाव, गाव, वस्तू असं तिन्ही अंगांनी शोधा, मगच खंडाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहा. गिरणीची चिमणी महसूल खात्यात सापडेल, कारण धुराची तक्रार शेजारच्या जमीनदाराने केलेली असेल!

सरकारी दप्तराखेरीज तीन ठिकाणं मी सोडत नाही. पहिलं, उच्च न्यायालयाचे छापील निवाडे. भावाभावांत वाटणी झाली की पेढीत कोणाचा किती हिस्सा आणि कोणाचं किती देणं, हे सगळं न्यायाधीशांसमोर मांडलं जातं. घरात कोणी सांगत नाही ते इथे छापून येतं. दुसरं, ‘केसरी’सारख्या जुन्या पत्रांतल्या जाहिराती. १९०५ च्या स्वदेशी चळवळीनंतरच्या तर जरूर बघा. दुकान काय विकत होतं हे त्यातून कळतंच असं नाही, गिऱ्हाइकाने काय समजावं अशी मालकाची इच्छा होती ते मात्र नक्की कळतं. तिसरं, गिरण्यांसाठी, मुंबईच्या गिरणी मालक संघाचे (स्थापना १८७५) वार्षिक अहवाल. त्यात गिरणीवार चात्या (सूत कातायचे तकवे), माग आणि कामगारांचे आकडे मिळतात.

निबंधकाच्या कार्यालयाबद्दल फार आशा धरू नका. भागीदारीचा कायदा १९३२ चा, आणि त्यानंतरही नोंदणी ऐच्छिकच राहिली.

टाटांचं पुण्यात आणि गोदरेजचं विक्रोळीत स्वतःचं अभिलेखागार आहे. आधी पत्र लिहून नेमका प्रश्न कळवा. मात्र लक्षात ठेवा, कंपनीने काय जपलं हे कंपनीनेच ठरवलेलं असतं. संपाची बाजू कामगारांच्या कागदांत शोधायची. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे बरेच कागद ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात.

वह्या हाती लागल्याच तर

मग मजा आहे. अक्षर मोडी असेल, त्यासाठी पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग असतात. पानावर छापील रेघा नसतात, कागदाला घड्या घालून सळ पाडलेले असतात. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. ज्यांचा हात टॅलीवर बसलाय त्यांना हे उलटं वाटतं आणि पहिला आठवडा ते पेढीला बुडीत काढतात. ‘४७॥’ म्हणजे साडेसत्तेचाळीस. दोन दंडांना अकरा समजून ‘४७११’ वाचणारे मी पाहिलेत. १९५७ च्या आधीचा रुपया सोळा आण्यांचा, आणा बारा पैंचा. खंडीचं वजन मालागणिक बदलतं: मुंबईत साधी खंडी ५६० पौंडांची, कापसाची ७८४.

सालाचा घोळ सगळ्यांत वाईट. पणजोबांच्या अडतीच्या रोजकिर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) विक्रम संवत १९७४ च्या आश्विनात सलग कित्येक पानं कोरी होती. हमाली नाही, तोलाई नाही, धर्मादायसुद्धा नाही. मी सरळ ५७ वजा करून १९१७ काढलं आणि त्या वर्षी दुकान का बंद होतं याचा महिनाभर शोध घेतला. काहीच सापडेना. मग एका मोडीवाल्या काकांनी विचारलं, ‘दिवाळीच्या आधीचं की नंतरचं?’ व्यापारी संवत दिवाळी पाडव्याला बदलतं. त्या पाडव्यापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे, एरवी ५६. म्हणजे ती पानं १९१८ ची, इन्फ्लुएंझाच्या साथीतली.

ती कोरी पानं आणि मृत्यूच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर भागीदाराचं नाव वह्यांतून एकाएकी का गळलं तेही उलगडलं.

प्रत्येक टिपणावर खातं, साल, खंड, पान हे चारही तिथल्या तिथे लिहा. ‘नंतर भरू’ म्हटलेला क्रमांक पुन्हा सापडत नाही. आणि मागणीचिठ्ठी सकाळीच द्या, दुपारी दिलेल्या चिठ्ठीचा खंड पुष्कळदा दुसऱ्या दिवशी येतो.