घाटात पेडल मऊ पडलं, म्हणून ब्रेक ऑइल घरीच बदललं

ताम्हिणी घाट उतरताना पाय नेहमीपेक्षा खोल गेला आणि पोटात गोळा आला. घरी ब्रेक ऑइलची टाकी उघडली तर ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उतारावर सतत ब्रेक लावले की आत वाफ होते, आणि वाफ दबते.

रविवारी मुलीला पेडलवर बसवलं. जुनं ऑइल सिरिंजने ओढून सीलबंद डब्यातलं नवं भरलं. चाकाच्या ब्रेकवरच्या निपलला, म्हणजे ऑइल बाहेर सोडायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. ‘दाब’ म्हटलं की तिने दाबून धरायचं, मी निपल पाव फेरा सैल करून पुन्हा आवळायचं, मगच ‘सोड’. मागच्या चाकावर तिने पाय आधीच उचलला, हवा आत गेली; ते चाक पुन्हा केलं. टाकी मात्र एकदाही रिकामी होऊ दिली नाही.

मडगार्डवर थेंब सांडले, ते लगेच पाण्याने धुतले. हे ऑइल रंग खातं. चारही चाकं झाल्यावर पेडल वरच घट्ट लागलं. आधी गल्लीत, हळू वेगात तपासलं.