माथेरानला राहायला जाताय? पावसाळ्यात जा

मुंबईतलं बिऱ्हाड माथेरानला हलवताय? मे महिना टाळा. सीझनला गावाला मान वर करायला फुरसत नसते, तुम्हीही पर्यटकांतच जमा. पाऊस लागला की नेरळहून येणारी छोटी गाडी बंद होते, गर्दी ओसरते आणि वाण्याच्या दुकानात निवांत गप्पा होतात. मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात, त्यामुळे पुढे सामान हमाल नाहीतर घोडेवाले नेतात. त्यांच्याशी घासाघीस नको. तुमची कीर्ती गावभर तेच आधी पोचवतात! महिन्याचा किराणा दादरहून भरून नेऊ नका. चार पैसे जास्त पडतील, पडू द्या. आणि पावसाच्या बाजूच्या भिंतीला प्लास्टिक कोण चांगलं बांधतं, हे शेजारच्या काकांनाच विचारा. बहुतेक ते स्वतःच शिडी घेऊन येतील.