लिलाव भिशीसाठी बंद बोलीचा प्रोटोकॉल संगणकाकडून शोधून घेताना

लालबागच्या चाळीतली दहाजणांची लिलाव भिशी घ्या. प्रत्येकी ५,०००, महिन्याला ५०,००० जमा. ज्याला निकड आहे तो त्यातले किती सोडणार याची बोली लावतो. सर्वांत मोठी बोली जिंकते आणि सोडलेली रक्कम दहाही जणांत सारखी वाटली जाते. बोली मोबाइलवरून, बंद आणि मध्यस्थाशिवाय हवी.

असा प्रोटोकॉल, म्हणजे कुणी कधी काय करायचं याचे नियम, संगणकाकडून शोधून घ्यायचा तर त्याला आधी सुटे भाग द्या: हॅश (बोलीवरून काढलेला, पण उलट फिरवून बोली कळणार नाही असा ठसा) पाठवणे, बोली उघडणे, अनामत ठेवणे, मुदतीत न उघडल्यास अनामत जप्त. हॅश काढायला एसएचए-२५६ ही प्रचलित पद्धत. त्यात बोलीसोबत १२८ बिटांचा यादृच्छिक आकडा हवाच. बोली शंभराच्या पटीत, ० ते १५,००० असेल तर शक्यता फक्त १५१. नुसत्या बोलीचे सगळे हॅश कुणीही क्षणात काढून बघेल. सभासद क्रमांकही घाला, नाहीतर तुमचाच हॅश पाठवून, तुम्ही उघडल्यावर तीच बोली दुसरा आपली म्हणून उघडेल.

मग भागांच्या प्रत्येक मांडणीचा खेळवृक्ष, म्हणजे कोण कधी कोणती चाल करू शकतो याचा फांद्यांचा आराखडा, बनवा, टोकाला रुपयांतला नफा-तोटा लिहा आणि शेवटच्या चालीपासून उलटं सोडवत या. नियम मोडणाऱ्याचा फायदा होत असेल ती मांडणी बाद. दहाजण आणि १५१ बोल्या घेतल्या तर वृक्ष आवरणार नाही. आधी तिघे आणि चार बोल्या घेऊन बघा. त्यासाठी असे खेळ तपासणारं प्रिझम-गेम्स हे संगणकीय साधन वापरता येतं.

खरी चूक इथे होते: नॅश समतोल, म्हणजे एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती, फक्त एकट्याची फसवणूक तपासतो. एकट्याने बोली दडवून काही मिळत नाही, म्हणून अनामत नसलेली मांडणीही पास होते. पण दोघे संगनमताने १२,००० आणि ८,००० ची बोली लावतात. इतरांची सर्वांत मोठी बोली ७,००० दिसली, की पहिला आपली उघडतच नाही. ४,००० वाचले, त्यातला वाटणीचा पाचवा हिस्सा तसाही त्यांच्याकडेच परतला असता, म्हणून निव्वळ फायदा ३,२००. तेव्हा जोडगोळीला एक खेळाडू धरूनही तपासा.

अनामत किती? जप्त रक्कम उरलेल्या नऊजणांत वाटली तर साथीदारालाही नववा हिस्सा मिळतो, हे बहुतेकजण विसरतात. हिशेब असा येतो: अनामत कमाल बोलीच्या ०.९ पटीहून जास्त हवी. टोळी तिघांची असो वा पाचांची, आकडा तोच. कमाल १५,००० ला १३,५०० हून जास्त, म्हणजे चाळीला न परवडणारी. म्हणून कमाल बोलीच ५,००० ठेवा. एक हप्ता अनामत म्हणून पुरतो.

फोन बंद पडणं, रेंज जाणं यांना ‘दैव’ नावाचा वेगळा खेळाडू करा आणि उघडायला पूर्ण दिवस द्या. दहा मिनिटांच्या मुदतीत लोकलमध्ये अडकलेल्या प्रामाणिक माणसाचीच अनामत जाते.