रानातल्या फोटोंवर मत देताना या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची पोरं पहाटे चारला उठून रानात जातात आणि दुपारी फोटो पाठवतात. "दादा, जरा बघून सांगा की." त्यांना मिळणारी उत्तरं वाचून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे "शार्प नाही". का नाही, ते फोटोतच दिसतं. मागची फांदी लख्ख आणि पक्षी मऊ असेल तर फोकस मागे गेलाय. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हललाय. अंग स्वच्छ आणि फक्त पंखांची टोकं पुसट असतील तर शटरचा वेग कमी पडलाय. उडत्या पक्ष्याला मी तरी १/१६०० सेकंदाच्या खाली जात नाही. तिन्हींना औषध वेगळं आहे, मग एकच शब्द फेकून कसं चालेल?

हे मी पोळून शिकलो. जांबोटी रस्त्यावर टिपलेला धनेश (हॉर्नबिल) पक्षी एका पोरानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. मी लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या मोबाइलवर पाहिला आणि लिहून टाकलं, "डोळा सॉफ्ट आहे रे." नंतर महिनाभर त्याचा मेसेज नाही. शेवटी त्याच्या घरी गेलो. लॅपटॉपवर मूळ फाइल उघडली, तर धनेशाच्या पापणीचे केस मोजता येत होते. व्हॉट्सअ‍ॅपनं फोटो दाबून लहान केला होता. आणि माझ्या शब्दावर विसंबून त्या पोरानं चांगली चालणारी लेन्स विकून टाकली होती. तेव्हापासून मी फोटो डॉक्युमेंट म्हणूनच मागवतो, रात्री जेवणं उरकल्यावर मोठ्या स्क्रीनवर बघतो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी देतो. घाई असेल त्यानं दुसऱ्याला विचारावं.

"कॅमेरा कुठला?" हा पहिला प्रश्न नको. "क्रॉप कर" म्हणताना कुठून आणि का, तेही सांगा. धूपदाळच्या पाणथळीत टिपलेल्या बगळ्याची पिसं पांढरीफटक पडली असतील, तर "जळालाय" म्हणून थांबू नका. पुढच्या वेळी एक्स्पोजर थोडं खाली घे म्हणा. तयार प्रीसेट, म्हणजे रंगांची ठरलेली सेटिंग, लावून हिरवं रान पोपटी करणाऱ्यांना मी मूळ फोटो मागतो, त्याशिवाय बोलत नाही. चुका चारचौघांत, ग्रुपवर काढू नका.

दुसरी मोठी चूक वाहवा करण्यातली आहे. घरट्याचा फोटो आला की "कमाल!" म्हणून सगळे तुटून पडतात. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, तोंडाशी फक्त एक फट ठेवते. नर त्या फटीतून फळं भरवतो. खाली माणसं उभी दिसली की तो फळ चोचीत धरून लांबच्या झाडावर थांबतो, आत मादी आणि पिल्लं उपाशी. आपण दिलेल्या एका "कमाल"नं पुढच्या रविवारी त्याच झाडाखाली दहा जण जमतात. म्हणून मी आधी विचारतो: किती लांबून काढलास, किती वेळ थांबलास, जागा कुणाकुणाला सांगितलीस? उत्तर पटलं नाही तर उजेड, रंग, रचना यांवर बोलत नाही. पोरं रुसतात. रुसू देत.

आणि नवशिक्यांनो, एका सकाळचे चाळीस फोटो पाठवू नका. तीन निवडा, आणि प्रत्येकाखाली तुम्हाला स्वतःला काय खटकलं ते एका ओळीत लिहा. मी तीच ओळ आधी वाचतो.