मुलांना खरं-खोटं ओळखायला शिकवताय? मग या चुका टाळा

"नेटवरच्या कशावरच विश्वास ठेवायचा नाही" असं आपण मुलांना सहज सांगून टाकतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच आहे. कारण मग मूल खरी बातमीसुद्धा उडवून लावतं, सगळेच थापा मारतात म्हणतं आणि शेवटी स्वतःला पटेल तेच धरून बसतं. नुसती शंका घेऊन भागत नाही हो, तपासायचं कसं ते हातात हात धरून दाखवावं लागतं.

दुसरी चूक म्हणजे साईट दिसायला कशी आहे त्यावरून पारख करायला लावणं. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची एक बनावट अमेरिकन साईट १९९८ पासून आहे, त्यात फोटो आहेत, माहिती आहे, वर हा प्राणी वाचवा असं आवाहनही, आणि कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी ती सातवीच्या मुलांना दाखवली तर जवळपास सगळ्यांना खरी वाटली. मोठ्यांचंही तेच होतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात दुसऱ्या काही साईट्स दाखवल्या, तर इतिहासाचे प्राध्यापकसुद्धा बऱ्याचदा समोरचंच पान वाचत बसले आणि फसले, फॅक्ट-चेकर्सनी, म्हणजे बातम्यांचा खरेपणा तपासणाऱ्यांनी, मात्र लगेच नवीन टॅब उघडून ही साईट कोणाची, बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात ते आधी बघितलं. मुलांना हेच शिकवा.

सुरुवात फोटोपासून करा, मुलांना मजा येते. पूर आलेल्या हायवेवर गाडीशेजारी पोहणारा शार्क बघितला असेलच, तो फोटो २०११ मध्ये कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिकोचा म्हणून फिरला आणि २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा म्हणून. गुगल लेन्सवर (फोटो टाकून शोध घेता येतो तिथे) टाकून मुलालाच शोधू द्या, शोधता शोधता कयाकमागे (वल्ह्याच्या छोट्या होडीमागे) लागलेल्या शार्कचा मूळ फोटो सापडतो, शार्क तोच, तिथून उचलून इथे चिकटवलाय. स्वतः पकडलेली लबाडी मूल विसरत नाही.

एआयच्या चित्रात बोटं मोजा, हा सल्ला आता सोडून द्या. बोटं हल्ली बरोबर येतात. चित्र आधी कोणी टाकलं, कधी टाकलं, हे विचारायला लावा.

आणि प्लीज, मूल फसलं तर हसू नका, लेक्चरही देऊ नका, पुढच्या वेळी ते तुम्हाला दाखवणारच नाही. "तुला हे कुठून कळलं?" एवढंच शांतपणे विचारा, आणि हाच प्रश्न घरातल्या मोठ्यांच्या फॉरवर्डलाही लागू ठेवा, नाहीतर मुलं बरोब्बर पकडतात.

"पण गुगलवर पहिलंच हे आलं" असं मूल म्हणालं तर? तिथे बऱ्याचदा जाहिरात असते, 'प्रायोजित' हा बारीक शब्द बोट ठेवून दाखवा. स्टॅनफर्डच्याच २०१६ च्या पाहणीत मिडल स्कूलच्या, म्हणजे साधारण सहावी ते आठवीतल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना असं लिहिलेली जाहिरात चक्क बातमी वाटली होती, म्हणजे शब्द दिसतो पण त्याचा अर्थ कोणी सांगितलेलाच नसतो.