डाळिंबाच्या कॉकटेल गोळ्या, उलट्या पद्धतीने

तोंडात टाकली की फुटणारी, आत पातळ रस असलेली गोळी करायची सरळ पद्धत अशी: अल्जिनेट (समुद्री शेवाळातून काढलेली पूड, कॅल्शियम लागलं की तिची साल धरते) रसात घालायचं आणि तो रस कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचा. डाळिंबापुढे ती टिकत नाही. रसाचा पीएच साधारण साडेतीनच्या आसपास असतो, आणि एवढ्या आंबटपणात अल्जिनेट आधीच गुठळ्या धरतं. म्हणून उलटं करा: कॅल्शियम रसात, अल्जिनेट बाहेरच्या पाण्यात.

हे बाहेरचं पाणीच सोलापुरात घात करतं. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम अल्जिनेटला धरतो आणि भांड्यात शेंबडासारखा लगदा होतो. आरओचं किंवा जारचं पाणी घ्या. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मात्र नको. ५०० मिली पाण्यात २.५ ग्रॅम सोडियम अल्जिनेट मिक्सरमधून फिरवा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. बुडबुडे निघून गेले नाहीत तर गोळीच्या सालीला तिथेच भोक पडतं.

‘भगवा’ जातीच्या डाळिंबाचे दाणे मिक्सरला लावू नका, बिया भरडल्या की रस तुरट होतो. कापडात बांधून पिळा. २४० मिली रसात ६ ग्रॅम कॅल्शियम लॅक्टेट पूर्ण विरघळवा, मगच ६० मिली व्होडका घाला. दारूत ते नीट विरघळत नाही. लॅक्टेटऐवजी कॅल्शियम क्लोराईड वापरलं तर गोळी कडवट-खारट लागते. मिश्रणात दारू साधारण ८ टक्के होते. त्याहून फार वाढवली तर घरच्या फ्रीझरमध्ये गोळा धड घट्ट होत नाही.

३ सेंमी रुंद अर्धगोल सिलिकॉनच्या साच्यात भरून रात्रभर गोठवा, साधारण चाळीस निघतात. अल्जिनेटचं पाणी कोमट करा, गार असेल तर गोळ्याभोवती बर्फ धरतो आणि साल नीट बसत नाही. एका वेळी पाच-सहाच सोडा, एकमेकांना लागले की चिकटतात. तीन मिनिटं हलक्या हाताने हलवत ठेवा. मग भोकाच्या चमच्याने काढून साध्या आरओ पाण्यात धुवा. आतला बर्फ वितळला की अर्धगोलही गोलसर दिसू लागतो. साल जाड, चिवट झाली तर वेळ जास्त झाला. उचलताना फुटली तर कमी.

गोळ्या पाण्यात ठेवू नका, चव बाहेर झिरपते. डाळिंबाच्या रसात ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

ग्लासात बर्फ, ४५ मिली जिन, अर्ध्या लिंबाचा रस, वर सोडा, शेवटी तीन गोळ्या. कडेला लिंबू फिरवून शेंगा चटणी लावली तर झकास, पण अर्ध्याच कडेला: चटणीला तेल सुटतं आणि सोड्यावर तवंग येतो. पाहुण्यांत कुणाला शेंगदाणा चालत नसेल, तर नुसतं मीठ-तिखट.