अंगठी म्हणजे माया? टोल्कीन धर्माच्या नजरेने वाचताना

बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या मराठी वाचकाला गोष्टीमागचा अर्थ काढायची सवय मुद्दाम लावावी लागत नाही. सप्त्यातलं कीर्तन, श्रावणातली पोथी, नाथांची भारुडं यांतून ती आपसूक लागते. विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, हे नाथ स्वतःच सांगून मोकळे होतात. तीच सवय घेऊन टोल्कीनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही इंग्रजी कादंबरी वाचायला बसलं की वाचनगटाच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "अंगठी म्हणजे माया की ओ, दुसरं काय?" बेळगावच्या कँपातला ख्रिस्ती सभासद म्हणतो, "माया कुठली, पाप ते." झालं. उत्तर आधीच मिळालं, मग पुढची हजारभर पानं वाचायची कशाला?

तरीही धर्म पूर्ण वगळला तर या पुस्तकातलं बरंच काही निसटतं. तेव्हा धर्म आणायचा, पण दुसऱ्या वाचनात आणि नेमक्या पानांपुरता.

पहिलं वाचन: नुसती गोष्ट

तीन खंड, सहा भाग, ६२ प्रकरणं. आठवड्याला तीन प्रकरणं धरली तर २१ आठवडे लागतात. मृगाला सुरुवात केली की दिवाळीच्या आसपास पुस्तक संपतं. त्यानंतर निपाणी-चिकोडीकडे ऊसतोड सुरू होते आणि बैठकीला माणसं जमत नाहीत, म्हणून याहून उशिरा सुरू करू नका. या काळात धर्मावर चर्चा नको. जिथे मन अडेल तिथे समासात पेन्सिलीने रेघ मारा, बस्स. शेवटची परिशिष्टं टाळू नका. वादाचे निम्मे निकाल तिथेच लागतात.

तीन खुणा

दुसऱ्या वाचनासाठी वही करा. प्रत्येक दाव्यापुढे एक खूण: 'क' म्हणजे कथेतच लिहिलेलं, 'ल' म्हणजे लेखकाने पुस्तकाबाहेर सांगितलेलं, 'आ' म्हणजे आपण घेऊन आलेलं. 'आ' ही खूण कमीपणाची नाही, पण ती 'क' म्हणून खपवायची नाही. पानांचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून संदर्भ भाग आणि प्रकरणाने लिहा.

'ल'मध्ये दोन गोष्टी हमखास येतात आणि दोन्ही अर्धवट येतात. पहिली म्हणजे १९५३ साली टोल्कीनने एका जेझुइट (कॅथलिक संघातल्या) मित्राला लिहिलेलं पत्र. हे पुस्तक मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, आधी नकळत आणि नंतर दुरुस्त्या करताना जाणीवपूर्वक, असं तो त्यात म्हणतो. लोक इथे थांबतात. पुढे तो सांगतो की म्हणूनच पूजाअर्चा, पंथ, विधी यांचे जवळजवळ सगळे उल्लेख आपण गाळले. धर्म गोष्टीतच मुरलेला आहे. दुसरी म्हणजे दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना. रूपककथा आपल्याला मनापासून आवडत नाही, असं तो तिथे लिहितो. वाचकाने आपल्या अनुभवाला गोष्ट लावून पाहावी हे त्याला चालतं. लेखकाने एकच अर्थ लादावा हे चालत नाही. दोन्ही विधानं शेजारी ठेवली की कळतं: धर्म आहे, पण भारुडासारखी उकल दिलेली नाही. शिवाय पुस्तक १९५४-५५चं आणि पत्रांचा संग्रह १९८१चा. मधली पंचवीसेक वर्षं सामान्य वाचकांनी त्या पत्राशिवायच पुस्तक वाचलं.

एक प्रसंग नीट तपासा

सगळी पानं धुंडाळू नका. भाग १ प्रकरण २, भाग ४ प्रकरण १ आणि भाग ६ प्रकरण ३ ही तीन सलग वाचा. ती अंगठी ज्वालामुखीत टाकून नष्ट करायचं काम फ्रोडोकडे येतं. पहिल्यात जादूगार गँडाल्फ त्याला सांगतो की त्याच्या नातलगाने, बिल्बोने, दया आली म्हणून अंगठीच्या हव्यासाने बिघडलेल्या गोलमला मारलं नाही. दुसऱ्यात फ्रोडो ते बोलणं आठवून त्याला सोडतो आणि गोलम अंगठीची शपथ घेतो. तिसऱ्यात ज्वालामुखीच्या उतारावर फ्रोडो त्याला बजावतो, पुन्हा मला हात लावलास तर आगीत पडशील; त्यानंतर सोबती सॅमच्याही हातून त्याच्यावर वार होत नाही. शेवटी कड्यावर फ्रोडो अंगठी टाकतच नाही. माझी म्हणतो आणि बोटात घालतो. गोलम ते बोट तोडतो, आनंदाने नाचतो, पाय चुकतो आणि अंगठीसकट खाली जातो.

आता कर्माचा सिद्धांत लावून बघा. तिघांनी दया केली, तिचं फळ मिळालं. पण ज्याला फळ मिळालं तो ऐन क्षणी हरलेला आहे, हे कसं बसवणार? कॅथलिक वाचक म्हणेल, हीच ईश्वरी कृपा: माणूस कमी पडतो तिथे ती पुरी पडते. टोल्कीनच्या पत्रांत आधीची दया आणि क्षमा यांवरच भर आहे, म्हणून याला 'ल' मिळते. तिसरा वाचक म्हणेल, शपथ मोडली, शाप भोवला. याला चक्क 'क', कारण शपथ आणि ताकीद दोन्ही पानावर आहेत. तीनही अर्थ वहीत लिहा, आणि प्रत्येकापुढे तो कुठे तुटतो तेही लिहा.

इथे एक घोळ ठरलेला: ज्यांनी फक्त सिनेमा पाहिलाय त्यांच्या डोक्यात कड्यावरची झटापट असते. पुस्तकात फ्रोडो त्याला ढकलत नाही. हे आधी स्पष्ट केलं नाही तर तासभर वेगळ्याच प्रसंगावर भांडण चालतं.

बाकीच्या जागा, थोडक्यात

सेनानी फॅरामीरची माणसं जेवणाआधी पश्चिमेकडे तोंड करून स्तब्ध उभी राहतात (भाग ४, प्रकरण ५). आपल्याला 'वदनी कवळ घेता' आठवतं, ख्रिस्ती घरात जेवणाआधीची प्रार्थना. तुलना चालते, फक्त हॉबिटांकडे (फ्रोडो-सॅमची ठेंगणी जमात) अशी रीत नाही, ते यजमानाला वाकून नमस्कार करतात, हेही सांगा.

शेलोब या राक्षसी कोळिणीच्या गुहेपाशी सॅमच्या तोंडून एल्बेरेथ या दैवी शक्तीचा धावा त्याला न येणाऱ्या भाषेत निघतो. वारकरी घरातला वाचक नामस्मरण म्हणेल, आणि बरंच जमतं. पण एल्बेरेथ परमेश्वर नाही.

लेम्बासला, म्हणजे एल्फांच्या प्रवासातल्या भाकरीला, प्रसाद म्हणू नका. प्रसाद आधी देवाला दाखवतात. लेम्बास कुणाला अर्पण होत नाही. दुसरं अन्न न घेता त्यावरच राहिलं की त्याचं बळ वाढतं, ही त्याची खरी खासियत. म्हणून कॅथलिकांना त्यात कम्युनियन, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर, दिसते.

गँडाल्फला अवतार म्हणायचा मोह आवरत नाही. परिशिष्टानुसार हे जादूगार वरून पाठवलेले, माणसाच्या देहात आलेले, इथवर ठीक. पण त्याच गटातला सारुमान बिघडतो, आणि अवतार कार्यात चुकत नसतो. गँडाल्फ मरून परत येतो, पण तो पुनर्जन्म तर मुळीच नाही. नवी आई नाही, मागचा हिशेब नाही. राहिलेलं काम पुरं करायला त्याला परत पाठवलेलं आहे.

बैठक

आठ-दहा जण पुरेत. वेळ दीड तास: वीस मिनिटं मोठ्याने वाचन, बाकी चर्चा. शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात झालेले सभासद असतील तर मूळ इंग्रजी उतारा वाचून मराठीत सारांश सांगा. नियम एकच, पण कडक: ज्याने त्याने आपल्याच परंपरेतून दावा मांडायचा, आणि तो कुठे तुटतो हे दुसऱ्या परंपरेतल्याने विचारायचं. जैन सभासद अपरिग्रहावर बोलेल, लिंगायत सभासद कायकावर (श्रम हीच पूजा), कॅथलिक कृपेवर. दुसऱ्याचा धर्म समजावून सांगायला कुणी बसायचं नाही. एकाने प्रवचन लावलं की बाकीचे माना डोलावतात आणि पुस्तक मिटलेलंच राहतं, म्हणून एका वेळी पाच मिनिटांवर कुणाला देऊ नका, मग ते निवृत्त हेडमास्तर का असेनात.

अंगठी २५ मार्चला नष्ट होते, ही तारीख कुणीतरी विजयी मुद्रेने आणेलच. ती परिशिष्टात आहे, म्हणून 'क'. मरियेला देवदूताने निरोप दिला तो सण त्याच दिवशी येतो. तेवढा भाग कॅथलिक सभासदाने सांगावा. आणि शायरच्या, म्हणजे हॉबिटांच्या मुलखाच्या, पंचांगात प्रत्येक महिना ३० दिवसांचा असतो, त्यामुळे तिथली तारीख आपल्या कॅलेंडरवर तंतोतंत बसत नाही, हे त्याच ओळीत लिहून ठेवा.